तीन आठ एक सहा

आमच्या घरात नऊचा पंच नव्हता. शून्याचा होता, एकपासून आठपर्यंत सगळे होते. नऊ तेवढा नव्हता, आणि तो हरवलेलाही नव्हता. नंबरच्या पंचांचा संच नऊच कांड्यांचा येतो. तळहातात मावेल एवढी पोलादी कांडी, एका टोकाला उलटा कोरलेला अंक, दुसरं टोक हातोडीचा घाव घ्यायला सपाट. पंच इंग्रजी अंकांचे असतात आणि इंग्रजी सहा फिरवून धरला की नऊ उमटतो, म्हणून नऊ वेगळा करत नाहीत. एकच कांडी दोघांचं काम करते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, उरवड्याच्या एका कारखान्यात हे काम करत. मोटारीवर बसवायच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तिचा नंबर ठोकायचा, पट्टी टोपलीत टाकायची, दुसरी घ्यायची. सहाच्या कांडीच्या कडेला त्यांनी कानशीनं एक खाच पाडली होती. खाच अंगठ्याखाली आली की सहा, पलीकडे गेली की नऊ. त्यासाठी त्यांना डोळे लागत नसत.

घरातला संच कारखान्यातून बाद झालेला होता. अंकांच्या कडा बोथट झाल्यावर साहेबांनी फाटकाबाहेर न्यायची परवानगी दिली, म्हणून तो आमच्याकडे आला. आमच्या वस्तीची लग्नाकार्याची भांडी सामाईक होती. पातेली, पराती, पाण्याची पिंपं विहाराच्या खोलीत ठेवलेली असत आणि ज्याच्याकडे कार्य त्याच्याकडे जात. परत येताना एखादी परात हमखास कमी यायची. आबांनी प्रत्येक भांड्याच्या काठावर नंबर ठोकून दिले तेव्हापासून भांडणं थांबली. माझ्या लहानपणाचा आवाज विचाराल तर तो हाच: ओट्यावर पालथं घातलेलं पातेलं, त्यावर एक घाव, टक्, मग थोडी उसंत, मग दुसरा. आत आई चुलीवर तांदळाची भाकरी थापत असायची आणि तिच्या हाताचा पट्‌पट् आवाज ह्या आवाजाच्या मधल्या जागेत बसायचा. पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे मिळत. ते वाटताना पाट्याचा तिसरा आवाज मिसळायचा. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. त्यात हे सगळं एकदम ऐकू यायचं आणि त्याचा कुणाला त्रास होत नसे.

नंतरची तीस-बत्तीस वर्षं मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्यांवर हात फिरवण्यात घालवली. त्या कामाची एक सवय अंगात मुरली आहे: जे पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहायचं, जे ऐकलं ते ऐकलं म्हणून. ह्या प्रकरणात बहुतेक सगळं मी पाहिलेलं आहे. एक गोष्ट मात्र मला बराच काळ दिसत असूनही कळली नव्हती. ती म्हणजे, आबांना आकडा वाचता येत नव्हता.

ते दुसरीपर्यंत शाळेत गेले होते. एक ते नऊ अंकांची नावं त्यांना येत. हातात शेंगा दिल्या तर शंभरपर्यंत बिनचूक मोजत. पण 'सोळा' म्हणून जे मोजलं ते एक आणि सहा असं लिहितात, हा दुवा कधी जुळलाच नव्हता. कामात त्याची गरज पडली नाही. नंबर चिठ्ठीवर लिहून यायचा. आबा चिठ्ठीवरचा अंक बघत, त्याचं उलटं रूप पंचाच्या टोकावर शोधत आणि ठोकत. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं. ते रोजंदारीवर होते, पण हात साफ म्हणून टिकून होते.

मग नवा सुपरवायझर आला. चिठ्ठ्यांना तेल लागतं, त्या हरवतात, म्हणून त्यानं चिठ्ठ्या बंद करायचं ठरवलं. दसरा झाला की एकानं यादी बघून आकडा मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं ठोकायचा. ज्याला हे जमणार नाही त्याला गाडीवर माल चढवायला पाठवायचं. दिवाळीनंतर काही माणसं कायम करणार होते, आणि माल चढवणाऱ्यांतला कुणी कायम होत नसे. आबांनी ही बातमी घरी सांगितली तेव्हा ती कारखान्याची बातमी म्हणून सांगितली, स्वतःची म्हणून नाही. दोन दिवसांनी मी अभ्यासाला बसले असताना ते शेजारी येऊन टेकले.

"कुंदे, एकोणसाठ कसं काढत्यात गं?"

"पाचावर नऊ."

"पाच? साठ तर ऐकू येतंय. मग सहा कुटं गेला?"

"एकोणसाठ म्हंजी साठाला एक कमी, आबा."

"व्हय व्हय. आमच्यातला एक जण इचारत व्हता."

मी वर पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, अंगठ्याच्या नखातलं तेल काडीनं काढत होते. तो एक जण कोण, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते मला कळलेलं त्यांना कळू द्यायचं नाही, हेही. मी दहावीत होते. बापाला शिकवायला बसणं आमच्या घरात कुणालाच जमलं नसतं. त्यांना तर नाहीच.

वाट निघाली ती पिरंगुटच्या शाळेतून. आमचे गणिताचे कदम सर गणपतीच्या सुट्टीआधी फळ्यावर एखादं कोडं लिहीत. त्या वर्षी त्यांनी लिहिलं: एक ते नऊ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून नऊ अंकी संख्या करा. अट अशी की तिच्या पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोननं भाग गेला पाहिजे, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला तीननं, पहिल्या चारांच्या संख्येला चारनं, असं करत अख्ख्या नऊ अंकांना नऊनं. बाकी कुठेही उरता कामा नये. वर्गातल्या बहुतेकांनी ते वहीत उतरवलं आणि सुट्टीला लागले. मी घरी येऊन आबांना म्हटलं, "सरांनी कोडं घातलंय. मला पत्र्याचे नऊ बिल्ले करून द्या, एकेका अंकाचा एकेक. मांडून बघायचंय. आणि मला एकटीला न्हाई जमायचं."

शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. आबांनी गोडेतेलाचा डबा कापून दुसऱ्याच दिवशी नऊ बिल्ले केले. प्रत्येकाला वरच्या अंगाला भोक पाडलं, कारण सहा आणि नऊ एकाच पंचानं ठोकलेले. भोक वर धरल्याशिवाय कोण कुठला ते कळलं नसतं. बिल्ले झाल्यावर हातात उरलेल्या शून्याच्या पंचाकडे बघून ते म्हणाले, "ह्यानं काय घोडं मारलंय सराचं? समदे घेतले, ह्यालाच भाइर ठेवला."

कारखान्याला सुट्टी असली की आम्ही ओट्यावर बिल्ले मांडून बसायचो. आई भात राखायला शेतावर जाताना पायात चप्पल अडकवत आमच्याकडे बघायची. भाताच्या लोंब्या बाहेर पडत होत्या आणि पाखरांचा जोर होता. "बापलेक दोघं जुगाराला बसल्यावानी बसत्यात," ती म्हणायची. "तितं पाखरं दाणं टिपत्यात, हितं तुमी पत्रं टिपा." पण ती बिल्ल्यांना पाय लागू देत नसे. एकदा सात सापडेना. घर उलटंपालटं केलं. शेवटी तो पाण्याच्या पिंपाखाली निघाला. पिंप डुगडुगतं म्हणून आईनंच टेकू दिला होता. "सात काय न् आठ काय," ती म्हणाली, "आज पैल्यांदा तुमच्या आकड्याचा कुनाला उपेग झाला."

आधी मी नियम सांगायचे. पाचनं भाग जायला शेवटी पाच किंवा शून्य लागतं. आबा लगेच म्हणाले, "शून्य तर सरानं घेतलंच न्हाई. मग पाचव्या जागंला पाच. त्याला तितनं हालवायचा न्हाई." तो बिल्ला त्यांनी ठेवला आणि वर बोटानं दाबला, जणू तो चिकटावा. दोन, चार, सहा, आठ ह्या जागांवर समच अंक लागतात. म्हणजे विषम अंक उरलेल्या जागांवर. इथपर्यंत आबांना पाटी-पेन्सिल लागली नाही. चारचा नियम सांगताना मला हवं होतं ते घडायला लागलं. संख्या कितीही लांब असो, चारनं भाग जातो की नाही हे शेवटच्या दोन अंकांवर ठरतं. म्हणजे प्रत्येक वेळी दोन बिल्ले जोडून त्यांचं नाव घ्यावं लागे.

"एक आन् दोन?"

"बारा, आबा. बाराला चार जातो."

"एक आन् सहा?"

"तुमी सांगा."

ते बिल्ल्यांकडे बघत राहत, मग बोटं मुडपून मोजत. "धा, अकरा, बारा..." आणि एकदम, "सोळा! ह्येच व्हय सोळा?" मी मान हलवायचे आणि जणू आम्ही कोड्याबद्दलच बोलतोय अशी पुढची जोडी मांडायचे. बत्तीस, छत्तीस, बाहत्तर, शहाण्णव. 'एकोण'ची खोड त्यांना दोन दिवसांत कळली. "पुढचं दार दावायचं आन् आदल्या दारात शिरायचं," ते म्हणाले. मला आजही एकोणसत्तर म्हटलं की ते दार आठवतं.

तीन आणि नऊ त्यांना सगळ्यांत आवडले, कारण तिथे फक्त बेरीज करायची होती. अंकांच्या बेरजेला तीन गेला तर संख्येला जातो, नऊचंही तसंच. एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस. पंचेचाळीसला नऊ जातो. म्हणजे नऊ अंक कसेही उलटेपालटे मांडा, नऊची अट आपोआप पुरी होते. हे मी सांगितल्यावर आबांनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी बिल्ले तीन वेळा मिसळले, तीन वेळा बेरीज केली आणि मग म्हणाले, "ह्यो नऊ लई भला मानूस हाय. कसंबी बसवा, कुरकुर न्हाई." आणि थोड्या वेळानं, "आन् ह्याच्या नावाचा पंचसुदिक न्हाई."

ज्यांना हिशोबाची गोडी आहे त्यांच्यासाठी पुढचं थोडक्यात लिहिते. नसेल त्यांनी चार ओळी ओलांडाव्यात. चौथा आणि आठवा अंक दोन किंवा सहाच असू शकतात, म्हणून चार आणि आठ उरतात दुसऱ्या आणि सहाव्या जागेला. मधल्या तीन अंकांच्या बेरजेला तीन जावा लागतो, म्हणून तिथे दोन-पाच-आठ तरी येतात, नाहीतर सहा-पाच-चार. पुढे आठची आणि तीनची अट लावली की लाखो मांडण्यांमधून फक्त दहा उरतात. दहाही बाकी सगळ्या अटी पाळतात, सातची तेवढी तपासायची राहते. सातला सोपा नियम नाही, निदान आम्हाला माहीत नव्हता. तिथे भागाकारच करावा लागतो. मी वहीत भाग घालत होते आणि आबा शेजारी बसून बाकी विचारत होते. सहा उरले. दोन उरले. पाच उरले. प्रत्येक वेळी ते एक बाद मांडणी ओट्यावरून खडूनं खोडायचे. सगळ्या खोडल्या, एक उरली, आणि तिला भाग घालताना मला आठवतं, आई शेतावरून परत येऊन दारात उभी होती.

अडतीस लाख सोळा हजार पाचशे सत्तेचाळीस भागिले सात. पाच लाख पंचेचाळीस हजार दोनशे एकवीस. बाकी शून्य.

पुढे दोन आणि नऊ आपोआप बसले. ३८१६५४७२९. आबांनी शून्याचा पंच आणून शेवटच्या बिल्ल्यापुढे उभा ठेवला. "आता धा आकडे झाले. धानं भाग जातोय का?"

"जातोय की!"

"मग ह्यालाबी घ्या," ते म्हणाले. शून्याची बाजू घेणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस. आई म्हणाली, "झालं का? आता जेवा."

सुट्टीनंतर कदम सरांनी माझं उत्तर पाहिलं, बरोबर म्हणाले, आणि विचारलं, "हाच एक का? दुसरा का नाही?" मी दहांची यादी पुढे केली. ती त्यांनी उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली. "हे तू एकटीनं केलंस?" मी सांगितलं, वडील होते. "काय करतात वडील?" मी म्हटलं, "नंबर ठोकतात." ते उत्तर त्यांना पुरलं नसावं, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडत. आमच्या घरात पूजा नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो, तो आमचा सण. पण कारखाना बघायला आम्ही दरवर्षी जात असू. पेढा मिळायचा आणि आबा ज्या टेबलाशी उभे राहतात ते टेबल बघायला मिळायचं. आबा आपला संच आदल्या दिवशी रॉकेलनं धुऊन ठोकळ्यात नीट उभा करून ठेवत. बाकीचे आपापल्या हत्यारांना हळदकुंकू लावत. त्या वर्षी आबांच्या शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या फिटरनं, शंकरमामांनी, आपलेपणानं आबांच्या पंचांनाही लावून टाकलं. "एकट्याचीच हत्यारं कोरडी कशाला ऱ्हावी," ते म्हणाले. आबा हसले. त्यात कुणाचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मोठे साहेब पुण्याहून आले होते. ते घरच्या मंडळींना एकेका टेबलाशी नेत आणि कामगाराला काम करून दाखवायला सांगत. आबांच्या टेबलाशी आल्यावर नवा सुपरवायझर पुढे झाला. "आता आपण चिठ्ठ्या बंद करतोय, साहेब. मी आकडा बोलतो, हा ठोकेल. बघा." त्यानं खिशातली यादी काढली.

मी आईच्या शेजारी उभी होते. आबांच्या हातात हातोडी होती आणि ती हलत नव्हती. त्यांना बराच आकडा समजायला लागला होता, पण तो ओट्यावर, बोटं मोजत, वेळ घेत. इथे चाळीस माणसं होती. सुपरवायझर भराभर बोलणारा होता. एक आकडा चुकला असता तर कायम होणाऱ्यांच्या यादीतलं नाव तिथेच खोडलं गेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे, सहा वर्षं न सांगितलेली गोष्ट माझ्या आणि आईच्या देखत सगळ्यांना कळली असती.

"मी सांगू आकडा?" मी म्हटलं. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा आला.

मोठे साहेब वळले. "ही कोण?"

"पोरगी हाय माजी," आबा म्हणाले.

"सांग की. मोठा सांग हं."

"तीन," मी म्हटलं आणि थांबले. आबांनी कांडी उचलली. टक्. "आठ." टक्.

"असं सुटं सुटं नको," सुपरवायझर म्हणाला. "पूर्ण आकडा सांग. कोटी, लाख, हजार."

"पूर्ण सांगितला तर गंमत जाते, साहेब. हा एकेक अंकानंच सांगायचा असतो. आता अडतीस झाले, त्याला दोन जातो. पुढचा लागला की तीन जाईल, मग चार, असं नऊपर्यंत."

"असा आकडा असतो?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"एकच आहे. नऊही अंक एकेकदा घेऊन होणारा एकच."

"चालू दे," ते सुपरवायझरला म्हणाले.

"एक." टक्. "सहा."

आबांचा अंगठा कांडीच्या कडेवर फिरला. मी तो हात रोज बघत होते. अंगठा खाच शोधतो, सापडली की थांबतो. त्या दिवशी तो एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. खाचेत कुंकू-हळदीचा लगदा भरून वाळला होता. कड सगळीकडून सारखी लागत होती. चाळीस माणसं वाट बघत होती. आबांनी अंदाजानं धरली आणि ठोकली.

टक्.

पट्टीवर काय उमटलं ते मला दिसलं. मी पुढचा अंक उच्चारला नाही. बोलावं की नाही, हे मला ठरवता आलं नाही, आणि त्या ठरवण्यात किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. आबांनीही दुसरी कांडी उचलली नव्हती. ते पट्टीवर वाकले होते. त्यांचे ओठ हलत होते.

"चुकलं," ते म्हणाले.

"काय चुकलं?" सुपरवायझरनं पुढे होऊन पाहिलं. "तीन आठ एक नऊ. नीट उमटलेत की."

"न्हाई साहेब. चौथ्याला चार जायाला पायजे." आबांनी शेवटच्या दोन अंकांवर बोट ठेवलं. "ह्ये एकोणीस हाय. एकोणीसला चार जात न्हाई. हितं सोळा पायजे."

तिथे असलेल्या कुणालाही त्यात विशेष काही वाटलं नसणार. कामगाराची चूक झाली, त्यानं ती सांगितली. फक्त मला माहीत होतं की माझ्या वडिलांनी आत्ता, बोटं न मोजता, पट्टीवरचे दोन अंक एका नावानं वाचले होते; आणि तेही 'एकोण'चं नाव. आईला माहीत होतं का, हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही. तिनं माझा दंड धरला होता आणि त्यावर तिच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

"पट्टी वाया गेली," सुपरवायझर म्हणाला.

"दुसरी द्या," मोठे साहेब म्हणाले.

आबांनी ती पट्टी खिशात टाकली, सहाच्या खाचेतला लगदा नखानं काढला, कांडी सदऱ्याला पुसली. मग मी नऊ अंक सांगितले आणि त्यांनी नऊ ठोकले. मोठ्या साहेबांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला. त्यांनी प्रत्येक पायरीला भाग घालून पाहिला आणि लोक पुढे सरकत गेले. पाच. सहा. सातला गलका झाला. आठनंतर ते थांबले. त्या कॅल्क्युलेटरवर आठच अंक मावत होते.

"नववा बसत नाही ह्यात," ते म्हणाले.

"नऊला यंत्र कशाला, साहेब," आबा म्हणाले. "बेरीज करा. पंचेचाळीस येतीय. पंचेचाळीसला नऊ जातोय. त्यो कुनालाबी जातोय, लई भला हाय."

शंकरमामांनी बोटांवर बेरीज केली आणि पंचेचाळीस असं मोठ्यानं जाहीर केलं, जणू त्यांच्यावाचून ते अडलं होतं. साहेब हसले. ती पट्टी त्यांनी मागून घेतली. जाताना ते आबांना म्हणाले, "चूक कशी झाली होती?" आबांनी कांडी दाखवली, खाच दाखवली. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, मला आकडा वाचता येत नव्हता. आता येतोय. पण सावकाश येतोय. बोलणाऱ्याला जरा सावकाश बोलाया सांगा." साहेबांनी सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरनं मान हलवली. एवढंच घडलं.

दिवाळीनंतर यादी लागली आणि तिच्यात आबांचं नाव होतं. ते त्या आकड्यामुळे आलं असं मी लिहिणार नाही. मला ते माहीत नाही. त्यांच्याइतकाच काळ काम केलेल्या इतरांचीही नावं त्यात होती. मला माहीत आहे ते इतकंच की आबा पुढे पट्ट्या ठोकण्याऐवजी ठोकलेल्या पट्ट्या तपासायला बसले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. मी पुढे शिकले, आणि अखेर मीही तपासायलाच बसले. कचेरीत नवीन आलेली मुलं मला विचारत, बाई, तुम्ही बातमीतला प्रत्येक आकडा दोनदा का बघता? मी सांगत असे की वाचणारा आकड्यावर विश्वास ठेवतो, म्हणून. खरं कारण लांबलचक होतं. ते इथे लिहिलं.

आता आम्ही भुकूमला राहतो, पाचव्या मजल्यावर. आबा नव्वदीकडे झुकलेत आणि त्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. ती चार अंकांची पट्टी माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असते. गेल्या आठवड्यात माझी नात तिच्याशी खेळत होती. तिनं विचारलं, "पणजोबा, ह्याच्यावर पूर्ण नंबर का नाही? आणि आजी म्हणते हा चुकलेला आहे. मग बरोबर असलेला का नाही ठेवला?"

आबांनी हात पुढे केला. तिनं पट्टी त्यांच्या तळव्यावर ठेवली. अंगठा तीनवरून गेला, आठवरून, एकवरून, आणि चौथ्या अंकावर येऊन थांबला.

"बरोबर आलेला साहेबानं नेला," ते म्हणाले. "ह्यो माझा हाय. ह्यो मी वाचला."